टरफलांचा कोळसा

शिवलीलाबाई हत्तुरे चटणी कुटतात,
उखळाचा ठोका गल्लीच्या टोकापर्यंत येतो.
शेंगा त्यांच्या, टरफलं माझी,
असा आमचा तोंडी करार.
"एवढी पोतीभर टरफलं, करतेस काय गं त्यांचं?"
जाळते, म्हटलं.
"ते तर मीही करते."

खरंय. मी फक्त झाकण लावून जाळते.
पाचशे अंश, दोन तास,
हवेला आत येऊ न देता,
म्हणजे राख होत नाही.
उरतं ते काळं, हलकं, नुसती भोकंच भोकं.
चमचाभर भुकटी उलगडून अंथरता आली असती
तर झाकायला शंभर चादरीही पुरल्या नसत्या.
(हा हिशेब मी चादरींतच मांडते.
सरांना चौरस मीटर लागतात.)

कोळसा आधीही रंग पीत होता.
पण प्यायलेल्या कोळशाला पाण्यातून उठवायचं कसं?
गाळणकागद तुंबायचा,
अख्खी दुपार फनेलच्या तोंडाशी जायची,
थेंब, मग बराच वेळ काही नाही,
मग थेंब.

म्हणून लोखंडाचे दोन क्षार, एक पिवळा, एक हिरवट.
वरून अमोनिया, नाक झोंबेपर्यंत.
लोखंड भोकाभोकांत जाऊन बसलं
आणि टरफलाला ओढ कळायला लागली.

नायना अक्कलकोट रोडला डाइंगवर आहेत,
सव्वीस वर्षं.
टॉवेल रंगवून झाल्यावरचं पहिल्या धुण्याचं पाणी
त्यांनी सोड्याच्या बाटलीतून आणून दिलं,
डब्याच्या पिशवीत, उभी धरून.
"कारखान्याचं नाव लिहू नको."
नाही लिहिलं. वहीत आहे: नमुना सात.

त्यांच्या सुट्टीच्या वारी त्यांना लॅबमध्ये आणलं.
चपला दाराबाहेर काढून आले,
सांगूनही परत घातल्या नाहीत.

बीकरमध्ये मरून पाणी, त्यात माझी भुकटी,
तासभर ढवळणं.
मग चुंबक. तो भोंग्यातला,
मार्कंडेयांच्या मिरवणुकीत कर्णा फाटला तेव्हा
मंडळाच्या पोरांनी फेकून दिलेला.
काचेला टेकवला.
आधी काहीच नाही.
मग पाण्यातला काळोख कूस बदलल्यासारखा सरकला,
चुंबकाच्या बाजूनं गोळा झाला,
काचेला आतून मिशी फुटल्यासारखी.
उरलेल्या पाण्यातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं,
तारखांसकट.

नायनांनी बोट बुडवलं, मी नको म्हणेपर्यंत जिभेला लावलं.
"मीठ आहे की अजून."
आहे. मीठ जात नाही यानं.
ही गोष्ट माझ्या प्रबंधात पान एकोणचाळीसवर आहे,
त्यांना ती एका बोटात कळली.

मग भुकटी कॉस्टिकच्या पातळ पाण्यात धुतली,
पुन्हा वापरायची तर धुवावीच लागते.
आणि रंग परत आला.
एवढ्या पाण्यातला सगळा
अर्ध्या कपात, दाट.
त्यांनी कप खिडकीकडे नेला,
डोळा बारीक केला, लाट तपासतात तसा.
"गुरुवारचा मरून आहे हा.
शेड उतरली म्हणून मालकानं चाळीस डझन माघारी पाठवले.
पगारातून कापतो म्हणाला.
इथं बसला होता होय!"

मी आकडे सांगितले.
पहिल्या फेरीला शंभरातला चौऱ्याण्णव टक्के रंग निघतो,
पाचव्या फेरीला एकाहत्तर.
"माणूसही दमतोच," म्हणाले,
आणि पुढं विचारलं,
दमलेली भुकटी मग कुठं टाकतेस?
बरणीत ठेवलीय, म्हटलं. झाकण लावून.
बरणी भरत आली, हे नाही सांगितलं.

निघताना त्यांनी चुंबक उचलला, वजन बघितलं,
आणि सहज अंगठ्याचं नख त्याला टेकवलं.
नखाच्या कडेला सव्वीस वर्षांचं काय काय:
राणी, मोरपंखी, तो गुरुवारचाही थोडा.
जरा वेळ तसंच धरलं, थांबले,
रेशनच्या खिडकीशी थांबतात तसे.
"रादु," म्हणाले.
येत नाही.